भिंतीला भिंत लागून जर्मनी

पुण्यातल्या जुन्या कॉलेजात भाषांचे विभाग कुठे आहेत, हे कुणाला विचारावं लागत नाही. जिना चढत राहायचं, दम लागला की थांबायचं, समोर भाषा. भाषेला नळ लागत नाही, गॅस लागत नाही, बेडूक लागत नाहीत. चार बाकं आणि एक फळा दिला की तिचं भागतं, अशी व्यवस्थापनाची पूर्वापार समजूत आहे. त्या हिशोबाने आमच्या मराठी विभागाला शेजार मिळाला तो जर्मनचा. मधली भिंत प्लायवुडची. बर्लिनमध्ये होती तेवढी भक्कम नसल्यामुळे तिकडचं सगळं इकडे ऐकू येतं. सकाळी साडेसातला मी ज्ञानेश्वरी उघडावी आणि पलीकडून साठ घसे एकदम खाकरावेत. नवख्या माणसाला खोकल्याची साथ आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ती मुलं 'मी' हे सर्वनाम म्हणत असतात.

साठ हा आकडा मी जड अंतःकरणाने लिहिला आहे. आमच्या विभागात ज्या वर्षी दोन आकडी विद्यार्थी येतात त्या वर्षी आम्ही पेढे वाटतो. पलीकडे प्रतीक्षायादी लागते. बारावीला मराठी सोडून जर्मन घेणाऱ्या पोरांचं ग्योटेवर प्रेम असतं अशातला भाग नाही. जर्मनला शंभरात अठ्ठ्याण्णव मिळतात. मराठीत अठ्ठ्याण्णव? खुद्द तुकाराम महाराज पेपरला बसले तरी आमचे परीक्षक शुद्धलेखनाचे सहा गुण कापून, 'अवांतर वाचन वाढवा' असा शेरा मारून त्यांना बहात्तरवर आणून ठेवतील.

तरी पण शेजार म्हणून सांगतो, असा करमणुकीचा शेजार दुसरा नाही.

तिकडे शिकायला कोण येतं ते बघण्यासाठी मी तासाच्या आधी मुद्दाम व्हरांड्यात उभा राहतो. सकाळच्या तुकडीत इंजिनिअरिंगवाले. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे त्यांच्या वडिलांना कुणीतरी लग्नाच्या पंगतीत सांगितलेलं असतं. फी नाही म्हणजे खर्च नाही, या आनंदात ते पहिले दोन महिने काढतात. मग ब्लॉक्ड अकाउंट नावाचं प्रकरण कळतं: वर्षाला ११,९०४ युरो आधीच बँकेत गोठवून ठेवायचे आणि मुलाने तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ प्रमाणे वितळवून घ्यायचे. हे कळलं की वडील व्हरांड्यातल्या बाकावर बसून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर युरोला रुपयाने गुणतात आणि आत पोरगा 'माझे बाबा आनंदी आहेत' या वाक्याचा नकार करत असतो.

दुपारी नवविवाहिता. नवरा श्टुटगार्टला, ही सासरी कोथरूडला, आणि मध्ये ए-वन नावाची परीक्षा. जोडीदाराच्या व्हिसाला बहुतेकींना ती लागतेच. पूर्वी लग्नाला वर्ष झालं की हळदीकुंकवाला आलेल्या बायका 'काही गोड बातमी?' म्हणून विचारायच्या. आता 'ए-वन झालं का गं?' म्हणून विचारतात. सासूबाईंनाही ए-वन, ए-टू, बी-वन अशा पायऱ्या पाठ आहेत. एकीच्या आजेसासूबाईंनी मात्र 'जर्मन शिकतेय' असं ऐकल्यावर, 'शिकायचंय काय त्यात, चिंचेने घासलं की लख्ख निघतं' असा सल्ला दिला. त्यांच्या हयातीत जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, त्याला त्या तरी काय करणार!

संध्याकाळच्या तुकडीत निवृत्त मंडळी आणि गरजू मंडळी एकत्र बसतात. पहिल्या बाकावर एक संस्कृतचे शास्त्रीबुवा. बोटलिंक आणि रोट यांचा सात खंडी संस्कृत-जर्मन कोश मरण्यापूर्वी मुळातून वाचायचा, एवढाच त्यांचा संकल्प. जर्मनमध्ये विभक्ती फक्त चार, हे कळल्यावर त्यांना भाषेबद्दल जरा कणव वाटायला लागली. 'आमच्याकडे आठ आहेत,' ते बाईंना म्हणाले, 'लागल्या तर न्या.' त्यांच्या मागच्या बाकावर सांगलीकडची एक नर्स. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी माणसं विभागात दिसायला लागली. ही मुलगी दिवसभर वॉर्ड करून येते आणि पुस्तकातला पहिला धडा बाजूला सारून विचारते, 'मॅडम, फुलदाणी नंतर सांगा. "कुठं दुखतंय" ते आधी सांगा.' माझं मत विचाराल तर विभागात जर्मन येणार आहे ते हिलाच. बाकीच्यांना गुण मिळतील.

विभागाच्या प्रमुख बाईंना मुलं फ्राउमॅडम म्हणतात. पहिल्या दिवशी बाई सांगतात की जर्मनीत शिक्षकांना आडनावाने हाक मारायची, नुसतं फ्राउ आणि पुढे आडनाव. मुलं मान डोलावतात. पण बाईंना तोंडावर आडनावाने हाक मारायची म्हटल्यावर जीभ रेटत नाही. मग फ्राउ ठेवायचं जर्मन रिवाजासाठी आणि मॅडम ठेवायचं आईवडिलांच्या संस्कारांसाठी. शिपाईमामा तर 'फ्राउमॅडमबाई' म्हणतात. मामा चौथी पास. पण बावीस वर्षं त्या व्हरांड्यात स्टूल टाकून बसल्यामुळे 'गुटन मॉर्गन' पासून 'उद्या सुट्टी' पर्यंत सगळं त्यांना येतं. आमच्या विभागात चहा आणताना ते मराठीतच बोलतात. इथे मला थोडंसं कमी लेखल्यासारखं वाटतं.

विभागाच्या खोलीत शिरलं की समोर भिंतीवर जर्मनीचा मोठा थोरला नकाशा आहे. त्यात जर्मनी दोन आहेत. पश्चिमेची राजधानी बॉन. ३ ऑक्टोबर १९९० ला दोन्ही जर्मनी एक झाल्या हे विभागात सगळ्यांना माहीत आहे, दरवर्षी त्या दिवशी बाई केकही आणतात. पण नकाशा डेड स्टॉक रजिस्टरला चढलेला आहे. तो निर्लेखित करायचा तर समिती नेमावी लागते, समितीने नकाशा निरुपयोगी झाल्याचं प्रमाणित करावं लागतं आणि त्यासाठी मूळ खरेदीची पावती लागते. पावती सापडत नाही. कोल आणि गोर्बाचोव यांनी जे काही महिन्यांत उरकलं ते आमच्या कार्यालयात अजून प्रक्रियेत आहे. नॅकची कमिटी येते तेव्हा नकाशावर 'स्वागतम्'चा फ्लेक्स लावून तेवढ्यापुरतं एकीकरण करतात.

फ्लेक्सवरून आठवलं. जर्मन अक्षरांच्या डोक्यावर काही ठिकाणी दोन ठिपके असतात. फ्लेक्सवाल्या पोराने ते स्क्रीनवर पाहिले आणि धूळ समजून कर्तव्यबुद्धीने पुसून टाकले. एका अक्षराचा आकार इंग्रजी 'बी'सारखा दिसतो, तिथे त्याने खराखुरा 'बी' टाकला. समारंभाच्या सकाळी हे लक्षात आल्यावर मुलींनी दारातल्या रांगोळीचं कुंकू आणून अठरा फूट फ्लेक्सवर जागोजागी बोटाने ठिपके दिले. त्या दिवशी जर्मन भाषा पहिल्यांदाच सौभाग्यवती दिसली.

बी-वनची तोंडी परीक्षा जवळ आली की भिंतीपलीकडे एक वेगळंच नाटक सुरू होतं. त्या परीक्षेत दोघांनी मिळून एखादा बेत आखायचा असतो: मित्राची निरोपाची पार्टी किंवा आजारी वर्गमित्राला भेटायला जाणं, असं काहीतरी. कुणी कुणावर कुरघोडी करायची नाही. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने 'छान कल्पना!' म्हणून मग हळूच आपलं घोडं पुढे दामटायचं. दोन महिने सराव करून ही सवय इतकी अंगात भिनते, की कॉलेजच्या गणपतीच्या बैठकीतही मुलं तशीच बोलतात. 'आपण मोदक आणू या का?' 'वा, ही फार चांगली कल्पना आहे. पण मोदक महाग पडतील असं तुला वाटत नाही का? मी असं सुचवेन की आपण पेढे आणावेत.' 'तुझं म्हणणं बरोबर आहे. मग पेढे आणायला कोण जाईल?' 'मी जाऊ शकेन. तू हार आणशील का?' चार मिनिटांत बैठक संपली. गणपतीच्या बैठकीत आवाज चढला नाही, कुणी उठून गेलं नाही, मागच्या वर्षीचा हिशोब निघाला नाही. शेजारच्या कॉमर्सवाल्यांना वाटलं या लोकांत काहीतरी बिनसलंय.

आता थोडं इतिहासाचं. पुण्याला जर्मनांचं नवं काही नाही. मार्टिन हाउग १८५९ मध्ये इथे संस्कृत शिकवायला आले. त्यांच्यानंतर १८६६ पासून १८८१ पर्यंत डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न होते. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती आजही शास्त्रीबुवा हात धुऊन उघडतात. म्हणजे त्या काळी जर्मन माणसं पुण्याच्या उन्हात येऊन पुणेकरांना संस्कृत शिकवत होती आणि विशेष म्हणजे पुणेकर ते ऐकून घेत होते. पुढे इरावती कर्वे बर्लिनला गेल्या, विष्णु सीताराम सुकथनकरही बर्लिनहूनच डॉक्टरेट घेऊन आले आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला लागले. या सगळ्यांत हुशार मॅक्स म्युलर. ते आयुष्यात एकदाही भारतात आले नाहीत. १८९८ मध्ये टिळकांच्या सुटकेसाठी जो अर्ज विलायतेत झाला त्यावर त्यांनी सही केली, हे पुणं विसरलेलं नाही. पण जागेवरून न हलता गावोगावी भवनं मिळवायची, हे साधलं ते एकट्या त्यांनाच. आमच्याकडे चाळीस वर्षं तासांना न चुकता आलेल्या प्राध्यापकाच्या नावाने साधा सायकल स्टँड होत नाही.

जर्मन विभागाचे आणि आमचे संबंध एरवी गोड आहेत. वाद आहे तो ब्रेश्टवरून. ब्रेश्ट त्यांचा की आमचा? जन्माने त्यांचा, हे मान्य. पण पु. ल. देशपांड्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' केला, थिएटर ॲकॅडमीने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात १९७८ मध्ये तो रंगभूमीवर आणला, चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' लिहिलं. एवढं सगळं झाल्यावर माणूस आमचाही थोडा होतोच की! शेवटी दोन्ही विभागांनी मिळून 'ब्रेश्ट आणि मराठी रंगभूमी' असं चर्चासत्र घ्यायचं ठरलं. अनुदान एकाच विभागाच्या नावावर आलं, त्यामुळे वाद मिटला नाही. पण चर्चासत्र झालं.

प्रमुख पाहुणी होती लाइप्झिगहून आलेली लेक्टर. जर्मनीची 'डाड' नावाची संस्था इकडच्या विद्यापीठांत भाषेचे शिक्षक पाठवते, त्यांना लेक्टर म्हणतात. बाई तरुण, उंच, वेळेच्या बाबतीत निर्दय. दहाचा कार्यक्रम म्हणून पावणेदहाला येऊन बसल्या आणि मामांनी सतरंजी अंथरली ती त्यांना उठवून. साडेअकराला दीपप्रज्वलन. वाती पंख्याने विझत होत्या, पंखा बंद केला तर पाहुण्या घामाघूम होत होत्या. शेवटी विश्वस्तांनी वातीला आणि एका विद्यार्थ्याने पाहुण्यांना आडोसा धरला. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि गणपतीची फायबरची मूर्ती. बाईंनी श्रीफळ दोन्ही हातांत घेतलं, ते कुठे ठेवायचं ते कळेना, म्हणून पूर्ण भाषणभर मांडीवर धरून बसल्या. वर्षभरात त्यांना पुण्यात इतकी श्रीफळं मिळाली की घरमालकीणबाईंनी त्यांना खोबऱ्याच्या वड्या शिकवल्या.

विश्वस्त बोलायला उभे राहिले. त्यांना जर्मनीबद्दल मनापासून आदर. तो त्यांनी पहिल्याच वाक्यात, 'हिटलरच्या शिस्तप्रिय देशातून आलेल्या आपल्या भगिनी' असा व्यक्त केला. पलीकडच्या विभागातले सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. आपल्याकडे या बाबतीत एक चमत्कारिक निरागसपणा आहे. लेक्टरबाईंना डेक्कनच्या फुटपाथवर त्या गृहस्थाचं आत्मचरित्र, यशस्वी उद्योजक कसे व्हाल आणि तीस दिवसांत पोट कमी करा यांच्या मध्ये मांडलेलं दिसलं, तेव्हा त्या पाच मिनिटं तिथून हलल्या नव्हत्या. विक्रेत्याला वाटलं गिऱ्हाईक पटतंय. 'मॅडम, तुमच्याकडचंच आहे,' तो म्हणाला, 'वीस टक्के कमी करतो.' तर आता व्यासपीठावर विश्वस्त बोलत होते आणि शेजारी खुर्ची टाकून तिसऱ्या वर्षाची एक मुलगी पाहुण्यांच्या कानाशी लागून जर्मनमध्ये सांगत होती. ती अर्धा क्षण थांबली. मग तिने सांगितलं ते असं, की 'ग्योटे आणि शिलर यांच्या संगीतप्रिय देशातून'. पाहुण्यांनी हसून विश्वस्तांना नमस्कार केला. विश्वस्तांनी छातीवर हात ठेवून परत नमस्कार केला. त्या मुलीला भाषांतराच्या पेपरात किती गुण पडले मला माहीत नाही. मी असतो तर वरची इयत्ता माफ केली असती.

पुढे निबंधवाचन. प्रेक्षकाला नाटकात गुंगू द्यायचं नाही, आपण नाटक बघतो आहोत याची त्याला सतत आठवण राहिली पाहिजे, असा ब्रेश्टचा आग्रह. त्यासाठी तो बिचारा फलक काय लावायचा, मध्येच गाणी काय घालायचा. आमच्याकडे त्याला काही करावं लागलं नसतं. माइक शिट्टी मारतो, मागच्या रांगेत वेफर्सची पिशवी फुटते, ऐन प्रवेशात कुणाचा तरी फोन 'हो, नाटकातच आहे, बोल' म्हणून घेतला जातो. गुंगायची सोयच ठेवलेली नाही.

चर्चासत्रापेक्षा मुलांचा जीव गुंतलेला असतो तो डिसेंबरमधल्या मेळ्यात. व्हरांड्यात टेबलं मांडून नाताळचा बाजार भरवतात. तिकडे गरम मसालेदार वाइन पितात म्हणून इकडे कोकम सरबतात दालचिनी आणि लवंग घालून उकळतात. एकदा घोट घेतल्यावर शास्त्रीबुवांनी हा वातावरचा काढा असल्याचं ओळखलं आणि आणखी एक पेला मागितला. बटाट्याचं सॅलड असतं. त्यात मेयोनीज चालतं की नाही यावर उत्तर आणि दक्षिण जर्मनीत मतभेद आहेत म्हणे. इथे मतभेद वेगळाच: कांदा घातला तर जैन मुलांचं काय, आणि चतुर्थी असली तर दाण्याचं कूट घालावं का. घातलं. चांगलं लागलं. सगळ्यांत खप ब्लॅक फॉरेस्ट केकचा. मूळ केकमध्ये चेरीपासून काढलेली कडक दारू ओततात, तिचं नाव ऐकून कॉलेजच्या शिस्तपालन समितीचे सर दोन वेळा वास घेऊन गेले. त्यांना लवंगेशिवाय काही सापडलं नाही. वरच्या लालभडक चेरीही चेरी नव्हत्या, बेकरीतल्या बहुतेक चेरी असतात तशी ती साखरेत मुरवून रंगवलेली करवंदं होती. श्वार्त्सवाल्डच्या जंगलातून निघालेला पदार्थ ताम्हिणीच्या जंगलापर्यंत येऊन पोचला, आणि खरं सांगू, करवंदाची सर चेरीला नाही.

याच मेळ्यात काव्यवाचनाची स्पर्धा असते. कविता कुठलीही निवडा, असं सांगतात. पण मुलं निवडतात ती एकच: ग्योटेची १७८२ मधली 'एर्लक्योनिश'. एक बाप आजारी पोराला छातीशी धरून रात्रीच्या अंधारात घोडा फेकत निघालाय, पोराला भुतांचा राजा दिसतोय, बाप म्हणतो ते धुकं आहे. घरी पोचेपर्यंत पोरगं गेलेलं. आठच कडवी, आवाज बदलायला तीन-चार पात्रं, मरणाचा शेवट. स्पर्धेला दुसरं काय पाहिजे? गेल्या खेपेस तीन कविता सोडल्या तर सगळ्यांनी हीच म्हटली. कुणी घोड्याच्या टापा टेबलावर वाजवल्या, कुणी भुताच्या राजाला आपल्या नाट्यसंगीतातली तान दिली. पहिलं पोर गेलं तेव्हा सभागृहात डोळे पाणावले. चौथं गेलं तेव्हा लोक चहाला उठले. अकरावं जायच्या बेतात असताना मामा दारातून फ्राउमॅडमना म्हणाले, 'बाई, त्यापेक्षा एखादा डॉक्टर का नाही बघत हा माणूस?' परीक्षकांनी पहिला क्रमांक दिला तो टोमॅटोवरची विनोदी कविता म्हणणाऱ्या मुलीला. कुणी मेलं नाही, या एका निकषावर.

वर्षाअखेरीला नाटक. नाटक निवडताना ग्योटे, शिलर, ड्यूरेनमाट सगळ्यांची नावं घेतली जातात, फ्राउमॅडम प्रत्येक संहितेवर गंभीरपणे बोलतात आणि मग खरा प्रश्न निघतो: नाव दिलेली मुलं अडतीस आहेत. भूमिका नाही मिळाली तर आया भांडायला येतात. म्हणून एक आड एक वर्ष 'हामेल्नचा बासरीवाला' होतो. त्यात उंदीर लागतील तेवढे घालता येतात. शिवाय दंतकथेप्रमाणे १२८४ साली तो बासरीवाला गावातली एकशे तीस पोरंही घेऊन गेला, म्हणजे दुसरी भरती तयार. मोठ्या माणसांनी लहान मुलांची कामं करायची ही बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची रीत डॉ. मोहन आगाशे यांनी पुण्यात रुजवली, तिचा दाखला देऊन दाढीवाले एम.ए.चे विद्यार्थी हाफपँट घालून हामेल्नची बालकं होतात. उंदरांना संवाद नसतात. पण प्रत्येक उंदराच्या घरचे सहा जण बघायला येतात आणि सभागृह भरतं. संवाद नसल्यामुळे व्याकरणही चुकत नाही. प्राचार्यांनी तर एकदा उंदरांच्या उच्चारांचं कौतुक केलं होतं.

अधलंमधलं वर्ष 'ब्रेमेनच्या गवयां'चं. गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा धन्याला नकोसे होऊन घरातून पळ काढतात आणि ब्रेमेनला जाऊन गवई व्हायचं ठरवतात. ग्रिम बंधूंची ही गोष्ट पुण्यात अगदी घरची, कारण आपल्याकडे औंधला ब्रेमेन चौक आहे. या गोष्टीतली गंमत अशी की ती चौघं ब्रेमेनला पोचतच नाहीत. वाटेत चोरांचं एक घर लागतं, आरडाओरडा करून ते चोरांना पळवून लावतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. हे नाटक बघताना मला पलीकडच्या तुकड्या आठवतात. निघतात सगळे जर्मनीला. वाटेत हिंजवडी लागते. तिथे जर्मन येणाऱ्या माणसाला पगार बरा देतात, ड्यूसेलडॉर्फच्या गिऱ्हाइकाच्या तक्रारी दुपारच्या पाळीत ऐकायच्या असतात. जेवण कंपनीचं, कॅब कंपनीची. मग कोण ब्रेमेनपर्यंत जातोय? ज्या पोराने दोन खेपांना गाढवाचं काम केलं तो आज तिथे टीम लीडर आहे.

जे खरोखर जातात त्यांचे फोन फ्राउमॅडमना येतात. पहिला फोन बहुधा स्टेशनवरून. पुस्तकातल्या तिसऱ्या धड्यात जर्मन रेल्वे मिनिटाला मिनिट लागून येते. प्रत्यक्षात २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम साडेबासष्ट टक्के वेळेवर पोचल्या, आणि तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीरच नव्हे असं धरून. 'मॅडम, मी फलाटावर चाळीस मिनिटं उभा आहे,' पोरगा कळवळून सांगतो, 'आणि घोषणा सगळी कळतेय.' बाईंना दुसऱ्या वाक्याचा आनंद होतो. दुसरा फोन कचऱ्याबद्दल. पिवळा डबा, निळा डबा, तपकिरी डबा यांचा धडा वर्गात पाठ झालेला असतो, कँटीनमध्ये एकच डबा आणि तोही बिनझाकणाचा असला तरी. तिकडे गेल्यावर चहाची चुकलेली पिशवी शेजारच्या आजींनी दारात आणून ठेवली म्हणजे धड्याचं मोल कळतं. दुपारी शांतता ठेवण्याचा नियम मात्र आमच्या पोरांना जड जात नाही. एक ते चारच्या गावात वाढलेल्यांना त्यात शिकवण्यासारखं काय आहे!

गेल्या महिन्यात मात्र एक फोन आमच्या विभागात आला. म्युनिकहून. फ्राउमॅडमचा जुना विद्यार्थी, दोन वर्षं उंदीर आणि एक वर्ष हामेल्नचा नगराध्यक्ष. आता नोकरी, घर, दोन मुलं. तिकडे नोंदणीकृत मंडळ काढायला कायद्याने किमान सात माणसं लागतात, असं तो सांगत होता. 'सर, अडचण अशी होते की सात मराठी माणसं जमली की दोन मंडळं होतात, मग कुणाचीच नोंदणी होत नाही. चौदा होईपर्यंत थांबावं लागतं.' आता सभासद भरपूर झाले आहेत. शनिवारी मराठीचा वर्ग भरतो, हाच शिकवतो. मुलं आपसांत जर्मनमध्ये भांडतात आणि मार लागला की 'आई गं' म्हणतात. तर गणपतीत मुलांचं मराठी नाटक बसवायचं आहे. मराठी विभाग म्हणून माझ्याकडे एखादी संहिता आहे का? फार अवघड भाषा नको, वीस मिनिटांत संपलं पाहिजे.

'मुलं किती आहेत?' मी विचारलं.

'एकवीस. आणि सर, सगळ्यांना काम पाहिजे. इथल्या आयाही येतात भांडायला.'

मी प्लायवुडवर टकटक केलं. पलीकडे फ्राउमॅडम तासावर होत्या, खाकरणं थांबलं. मी पुन्हा फोन कानाला लावला.

'उंदीर चालतील का?'